कॉलेजजवळचा चहा आणि खुर्चीचा हिशेब

सातारा आणि सांगली ही दोन्ही शहरे शिक्षणाची शहरे म्हणून ओळखली जातात. सांगलीच्या विश्रामबागेत १९१९ साली विलिंग्डन कॉलेज सुरू झाले आणि १९४७ साली वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने १९४७ सालीच छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले आणि दोन्ही जिल्ह्यांतील कॉलेजे त्याला जोडली गेली. त्याच वर्षी मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २०२१ साली साताऱ्यातील रयतच्या तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही झाले. म्हणजे आज साताऱ्यात विद्यापीठ आहे, पण त्याला एकच एक कुंपण नाही. पोवई नाका, सदर बझार आणि आसपासचे रस्ते हेच त्याचे आवार आहे. सांगलीतही विश्रामबागेचा चौक आणि सांगली-मिरज रस्ता यांना तेच रूप आले आहे.

जिथे विद्यार्थी तिथे चहा, हे सांगायला ज्योतिषी नको. पूर्वी टपरी आणि हॉटेल असे दोनच प्रकार होते. मग अमृततुल्य आले आणि गेल्या काही वर्षांत कॅफे आले. काचेचे दार, वातानुकूल हवा, भिंतीला विजेचे पॉइंट, इंटरनेटची सोय आणि पाटीवर कॉफीची दहा नावे. मुले तिथे लॅपटॉप उघडून बसतात. व्यापारी गिऱ्हाइकाला तिथे भेटतात. नोकरीच्या मुलाखतीची तयारी तिथे होते आणि कधी कधी लग्नाची बोलणीसुद्धा. आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ हॉटेल आणि बेकरीच्या धंद्यावर चालतो आणि कित्येक कारागिरांची मुले-मुली याच कॉलेजांत शिकतात. त्यामुळे कोणत्या कॅफेत बसावे आणि आपले हॉटेल कोणी का निवडावे, हे दोन्ही प्रश्न आपल्याच घरातले आहेत. दोन्हींचे उत्तर मात्र एकच आहे. कॉलेजजवळ जे विकले जाते तो चहा नसून बसण्याची जागा असते. त्या जागेचा हिशेब उघडा ठेवणारा मालक टिकतो आणि तो हिशेब ओळखणारे गिऱ्हाईक फसत नाही.

ही रीत परकी नाही

कॅफे हे पाश्चात्त्यांचे फॅड आहे, आपल्याला त्याच्याशी काय करायचे, असे म्हणणारे वडीलधारे आजही भेटतात. इतिहास वेगळे सांगतो. कॉफी पिण्याची रीत पंधराव्या शतकात येमेनच्या सूफी मंडळींत रूढ झाली. रात्रीच्या जिक्रसाठी जाग राहावी म्हणून ते ती पीत. तिथून ती मक्का आणि कैरोला गेली आणि कैरोत अल-अजहरच्या परिसरातील येमेनी मंडळींत तिचे चाहते झाले. म्हणजे विद्यापीठ आणि कॉफी यांचे नाते पहिल्यापासूनचे आहे. १५५५ च्या सुमारास हलब आणि दमास्कसहून आलेल्या दोन व्यापाऱ्यांनी इस्तंबुलात कॉफीची दुकाने थाटली. आपल्या देशात कॉफीचे बी मोख्याहून चिकमगळूरच्या डोंगरात आणले ते बाबा बुदन यांनी, अशी परंपरा आहे. त्या डोंगरांना आजही त्यांचेच नाव आहे.

त्याच इतिहासातली आणखी एक गोष्ट आजच्या संदर्भात महत्त्वाची आहे. १५११ साली मक्केतील एका अधिकाऱ्याने कॉफीवर बंदी घातली होती. तक्रार केवळ पेयाबद्दल नव्हती. लोक एकत्र बसतात, रात्री उशिरापर्यंत गप्पा मारतात, याबद्दल ती अधिक होती. कैरोहून आदेश आला आणि ती बंदी सैल झाली. बसण्याच्या जागेवर संशय घेण्याची ही रीत पाचशे वर्षांची आहे.

व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे दुसरे उदाहरण लंडनचे आहे. १६८८ च्या सुमारास एडवर्ड लॉईड नावाच्या माणसाचे तिथे एक कॉफी हाऊस होते. जहाजांचे मालक, कप्तान आणि व्यापारी तिथे बसत. लॉईडने त्यांना जहाजांच्या ये-जा करण्याची खात्रीची बातमी मिळेल अशी व्यवस्था ठेवली. पुढे त्याच बैठकीतून विम्याचा जगप्रसिद्ध बाजार उभा राहिला आणि तो आजही लॉईडच्याच नावाने चालतो. कॉफी इतरही ठिकाणी मिळत होती. गिऱ्हाइकाच्या कामाची गोष्ट त्याच्या टेबलावर मिळत होती, हा फरक होता.

आपल्याकडचेच पाहायचे तर पुण्यात फर्ग्युसन कॉलेजजवळचे गुडलक हे इराणी कॅफे १९३५ पासून चालू आहे. विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या त्याच्या टेबलांवरून गेल्या असतील! कोलकात्याला कॉलेज स्ट्रीटवरचे कॉफी हाऊस प्रेसिडेन्सी आणि कलकत्ता विद्यापीठाच्या समोरच आहे आणि ते कामगारांची सहकारी संस्था चालवते. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसे बंद करायला घेतली तेव्हा १९५७ पासून ठिकठिकाणच्या कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. सहकाराच्या सातारा-सांगलीला हे उदाहरण नवे वाटू नये.

खुर्चीला भाडे किती?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपले हॉटेलवाले बांधव एक तक्रार नेहमी करतात. कॉलेजची चार पोरे एक चहा चौघांत घेतात आणि दोन तास उठत नाहीत. मग भिंतीवर पाटी लागते, ‘जास्त वेळ बसू नये’. पाटी वाचून मुले उठतात आणि समोरच्या कॅफेत जाऊन तिप्पट दराची कॉफी घेतात. मालक म्हणतो, आजच्या पोरांना पैशांची किंमत नाही. तसे नाही. पोरांनी कॉफीला पैसे दिलेले नाहीत, बसायला दिले आहेत.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका हॉटेलात २० खुर्च्या आहेत. महिन्याचे भाडे १८ हजार, दोन माणसांचे पगार २८ हजार, वीज, पाणी, इंटरनेट आणि साफसफाई मिळून ६ हजार. एकूण ५२ हजार झाले. रोज १० तास आणि महिन्याला २६ दिवस दुकान उघडे धरले तर २० खुर्च्यांचे ५,२०० तास होतात. म्हणजे एक खुर्ची एक तास ठेवायला मालकाला १० रुपये पडतात. मालकाची स्वतःची मेहनत यात धरलेली नाही. चहा १५ रुपयांना विकला आणि दूध, साखर, पावडर, गॅस यांना ७ रुपये गेले तर हाती ८ रुपये राहतात. दहा मिनिटांत चहा पिऊन जाणारा गिऱ्हाईक खुर्चीचे पावणेदोन रुपयेही वापरत नाही आणि ८ रुपये ठेवून जातो. दोन तास बसणारा २० रुपयांची खुर्ची वापरतो आणि तेच ८ रुपये ठेवतो. कागदावर १२ रुपयांचा तोटा दिसतो. मालकाचा राग इथून येतो.

पण हिशेब इथे संपत नाही. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ या गर्दीच्या वेळा सोडल्या तर हॉटेलात काय असते? दुपारी दोन ते पाच या वेळात २० पैकी १५ खुर्च्या रिकाम्या असतील तर रोज ४५ तासांचे ४५० रुपये असेच जातात. महिन्याला ११,७०० रुपये झाले. रिकाम्या खुर्चीचे भाडे घरमालक सोडून देत नाही. त्या वेळात दहा विद्यार्थी येऊन बसले आणि प्रत्येकाने एक चहा व एक बन मस्का घेऊन मालकाच्या हाती २० रुपये ठेवले, तर रोज २०० आणि महिन्याला ५,२०० रुपये जास्तीचे आले. ती मुले तीन तास बसली म्हणून मालकाचे काही बिघडले का? काहीच नाही. गिऱ्हाईक दारातून परत जाते तेव्हाच बसून राहणाऱ्याचा तोटा होतो. रिकाम्या वेळी बसलेला माणूस हा तोटा नसून आधीच भरलेल्या भाड्याची वसुली आहे.

म्हणून ‘जास्त वेळ बसू नये’ ही पाटी काढून दुसरी लावावी. ‘सकाळी ८ ते ११ व संध्याकाळी ५ ते ८ गर्दीची वेळ, कृपया अर्ध्या तासात जागा मोकळी करावी. दुपारी १२ ते ५ निवांत बसा. तासाला एक जिन्नस घ्यावा.’ एवढ्या दोन ओळींनी रोजची कटकट मिटते. गिऱ्हाइकाला अपमान वाटत नाही आणि वेटरला डोळे वटारावे लागत नाहीत. ठराव आधी सांगितलेला असला की तो कोणाला जाचत नाही. सौदा उघडा असावा, हे आपल्या व्यवहाराचे मूळ तत्त्वच आहे. मग खुर्चीचाच सौदा मुका का ठेवायचा?

दुपारच्या वेळेला जिन्नसही तसे हवेत. वडा तळून ठेवला तर संध्याकाळी टाकावा लागतो. सांगलीचे भडंग, खारी, बन मस्का, उकडलेली अंडी, साताऱ्याचे कंदी पेढे या वस्तूंना फार मेहनत लागत नाही. भडंग आणि खारी तर नीट झाकून ठेवली की दिवसभर खराब होत नाहीत. पन्नास प्रकारच्या कॉफीचे यंत्र कर्जाने आणण्याआधी याचा विचार करावा.

पडदा आणि प्रकाश

आता एका नाजूक विषयावर बोलले पाहिजे. मे २०२४ मध्ये सांगलीतील एका कॅफेत एका मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली आणि त्यानंतर शहरातील काही कॅफेंची मोडतोड करण्यात आली. गुन्ह्याचा तपास पोलिसांनी करावा आणि शिक्षा न्यायालयाने द्यावी. दुकाने फोडून कोणत्याही मुलीला न्याय मिळत नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. पण तितक्याच स्पष्टपणे हेही सांगितले पाहिजे की, प्लायवूडचे खण पाडून त्यांना पडदे लावायचे आणि तासावर भाडे घ्यायचे, या धंद्याला कॅफे म्हणता येत नाही. तिथे खुर्ची विकली जात नाही, आडोसा विकला जातो. अशा मूठभर जागांमुळे प्रामाणिक धंदा करणाऱ्या सगळ्यांच्या नावाला बट्टा लागला.

आपल्या बांधवांनी यातून घ्यायचा धडा सोपा आहे. आपली जागा रस्त्यावरून दिसेल अशी ठेवा. दर्शनी भागाला काच असू द्या, तिच्यावर काळी फिल्म नको. आत खण नकोत, पडदे नकोत, उजेड भरपूर हवा. गल्ल्यावर बसणाऱ्याला प्रत्येक टेबल दिसले पाहिजे. आपल्या दुकानावर बोट दाखवायला एखाद्याला निमित्त लागणार नाही, अशी परिस्थिती आज नाही. म्हणून निमित्तच राहू न देणे हा सर्वात स्वस्त विमा आहे. आणि संशयाची गोष्ट बाजूला ठेवली तरी मोकळ्या, उजेडाच्या जागेत गिऱ्हाईक अधिक येते, विशेषतः मुली आणि कुटुंबे येतात. हा धंद्याचाही फायदाच आहे.

काही नियम तर वादाच्या पलीकडचे आहेत. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि अठरा वर्षांखालील मुलाला ते कोठेच विकता येत नाहीत. हा २००३ चा कायदा आहे. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर लागू आहेत. हुक्का पार्लरवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. कॉलेजच्या दारात गुटख्याच्या पुड्यांची माळ लावून चार पैसे जास्त मिळत असतील, पण तीच माळ उद्या दुकानाला कुलूप लावते.

दुसरी गोष्ट हॉटेलातल्या ‘पोऱ्या’ची. धाब्यांवर, हॉटेलांत आणि चहाच्या दुकानांत चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती सर्वच धंद्यांना लागू झाली. कॉलेजच्या दारात एक मूल पुस्तक घेऊन बसते आणि त्याच्याच वयाच्या धाकट्या भावाएवढे दुसरे मूल त्याचा कप विसळते, हे चित्र आपल्या हॉटेलात तरी दिसू नये. माणूस कमी पडतो ना? मग गर्दीच्या तीन तासांसाठी अठरा वर्षांवरील गरजू विद्यार्थी ठेवावा. भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग याच साताऱ्यातून महाराष्ट्राला दाखवला. १९२४ साली त्यांनी इथे जे वसतिगृह काढले त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, स्वतः राबत आणि शिकत. संध्याकाळी तीन तास काम करून आपली फी भरणारा विद्यार्थी इतर विद्यार्थ्यांना दुकानापर्यंत घेऊनही येतो.

निवड करणाऱ्याने काय पाहावे?

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसू. आपण गिऱ्हाईक असू तेव्हा काय पाहावे?

पहिला प्रश्न स्वतःला विचारावा, आपण कामाला बसणार आहोत की विसाव्याला? दोघांची जागा एक नसते. विसाव्याला गजबज चालते, उलट ती हवीच असते. एस.टी. स्टँडजवळच्या हॉटेलात गरम चहा, वर्तमानपत्र आणि ओळखीचे चार चेहरे यांनी जो शीण जातो तो वातानुकूल काचेमागे जात नाही. कामाला मात्र स्थिर टेबल लागते, पाठीला आधार लागतो, विजेचा पॉइंट लागतो आणि डोक्यावर गाणे वाजत नसलेले चांगले. मऊ सोफा दिसायला छान असतो, पण त्याच्यावर बसून हिशेब लिहिता येत नाही. बसण्यापूर्वी एवढे पाहिले तरी निम्मी निवड होते.

दुसरे, दरपत्रक पाहावे. दर भिंतीवर किंवा टेबलावर लिहिलेले असावेत. जिथे दर विचारल्यावर सांगतात तिथे ते माणूस पाहून सांगतात. बिलात ‘सेवा शुल्क’ आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. देणे न देणे गिऱ्हाइकाच्या इच्छेवर आहे. अन्नसुरक्षेचा नोंदणी किंवा परवाना क्रमांक २०२२ पासून बिलावर छापणे बंधनकारक आहे. तो नसेल तर दुकान चांगले की वाईट हे लगेच ठरत नाही, पण मालक नियमांकडे किती लक्ष देतो याची कल्पना येते. आपल्या हॉटेलवाल्यांनीही हे ध्यानात घ्यावे. घरगुती सिलिंडरवर धंद्याचा चहा उकळणे हाही याच जातीचा निष्काळजीपणा आहे. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर महाग पडतो, पण तो खुर्चीच्या हिशेबात धरायचा असतो, चोरायचा नसतो.

तिसरे, खाण्याबाबत जे असेल ते लिहिलेले असावे. मांस हलाल असेल तर तसे लिहावे आणि शाकाहारी पदार्थांची भांडी वेगळी असतील तर तेही लिहावे. कॉलेजजवळच्या दुकानात सर्व प्रकारची मुले येतात. एकाला एक खात्री हवी असते, दुसऱ्याला दुसरी. दोघांनाही विचारायला संकोच वाटतो. पाटीवर वाचता आले की संकोच राहत नाही आणि दोघेही एकाच टेबलावर बसू शकतात.

चौथे, इंटरनेट फुकट आहे म्हणून हुरळून जाऊ नये. सगळ्यांना खुल्या असलेल्या जोडणीवर बँकेचे व्यवहार करू नयेत. त्यासाठी स्वतःच्या मोबाईलचेच इंटरनेट वापरावे. व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाशी भावाची बोलणी करताना शेजारच्या टेबलाला कान असतात हेही विसरू नये. नमुना दाखवायला कॅफे चांगले, रक्कम ठरवायला दुकानच चांगले.

मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांचे उदाहरण घ्या. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी वाद्ये घडवण्याची कला आत्मसात केली आणि मिरजेचे नाव जगभर नेले. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. अशा कारागिराकडे परगावचा कलावंत आला तर त्याला कॅफेत नेऊन उपयोग नाही. तानपुऱ्याची जवारी लावायला आणि ऐकायला शांत कारखानाच हवा. पण त्याच घरातला शिकलेला मुलगा परदेशातून आलेल्या मागणीचे उत्तर लिहितो, छायाचित्रे पाठवतो, पार्सलचे कागद भरतो, त्याला भोपळ्याचा भुसा उडत नाही असे एक टेबल दोन तास हवे असते. ते त्याला दुपारी तीन वाजता कोणी आपुलकीने दिले तर तो रोजचे गिऱ्हाईक होईल. कुपवाडचा लघुउद्योजक असो की साताऱ्याचा शिवणकाम करणारा, ज्याचे घर आणि कारखाना एकाच छपराखाली आहेत त्याची गरज हीच आहे.

पाचवे, जागा कोठे आहे ते पाहावे. सांगलीत कृष्णेच्या काठचा जुना भाग आणि विश्रामबाग यांत फरक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. गिऱ्हाईक पुराच्या दिवशी घरी बसेल, पण नवे दुकान घेणाऱ्याने भाडे कमी दिसले म्हणून भाळू नये. लाकडी फर्निचर आणि फ्रीज पाण्यात गेले की वर्षाची कमाई जाते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत पाणी कुठवर आले होते, हे शेजाऱ्याला विचारूनच करार करावा आणि सामानाचा विमा उतरवावा.

मुलींनी कोठे बसावे?

शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आहे. आपल्या समाजातील मुली आज मोठ्या संख्येने कॉलेजात जातात आणि आपल्याला त्याचा अभिमान आहे. पण दोन तासिकांच्या मध्ये दीड तासाचा मोकळा वेळ असेल, बस चार वाजता असेल, गावी घरी दोनच खोल्या असतील आणि त्यातल्या एका खोलीत शिलाई यंत्र चालत असेल, तर ती मुलगी अभ्यासाला कोठे बसणार? ग्रंथालयात जागा मिळाली तर उत्तमच. अभ्यासिका असेल तर महिन्याची फी भरून तीही चांगली. पण चार मैत्रिणींना मिळून प्रकल्पाची चर्चा करायची असेल तर अभ्यासिकेत बोलता येत नाही. मग बसस्टॉपवर उभे राहायचे का?

‘कॅफेत जायचे नाही’ एवढे सांगून बाप मोकळा होतो, पण मुलीची अडचण मोकळी होत नाही. आमचे म्हणणे असे आहे की, बापाने किंवा भावाने एक दिवस स्वतः त्या भागात जावे. चार ठिकाणी एकेक चहा घ्यावा. उजेड किती आहे, मालक गल्ल्यावर असतो की नाही, कुटुंबे येतात का, बायकांसाठी स्वच्छ आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह आहे का, संध्याकाळी रस्त्यावर दिवे लागतात का, हे डोळ्यांनी पाहावे. मग घरी येऊन मुलीशी बोलावे, तिचेही मत विचारावे. तिने रोज जे पाहिले आहे ते आपण एका चहात पाहू शकत नाही. दोघांनी मिळून एक-दोन जागा ठरवल्या की मुलीला चोरट्यासारखे बसावे लागत नाही आणि बापाला धास्ती राहत नाही.

आणि हॉटेलवाल्या बांधवांनो, या बापाची वाट पाहा. तो तुमच्या दारात येईल तेव्हा त्याला काय दिसेल याचा आजच विचार करा. स्वच्छतागृह नसणे हे आपल्या जुन्या हॉटेलांचे सर्वात मोठे वैगुण्य आहे. भिंतीला रंग देण्यावर, पाटीवरच्या दिव्यांवर खर्च होतो आणि मोरीजवळचे ते दार मात्र वर्षानुवर्षे तुटलेले राहते. ज्या दुकानात स्त्रिया निर्धास्तपणे अर्धा तास बसू शकत नाहीत ते दुकान निम्म्या गावाला बंदच आहे. हा निम्मा गाव समोरच्या काचेच्या कॅफेने उचलला, यात त्याचा दोष काय?

मोठ्या कंपन्यांच्या साखळी दुकानांशी आपण यंत्रांत आणि झगमगाटात बरोबरी करू शकणार नाही, तशी गरजही नाही. चांगला चहा आपल्याला येतो, बेकरीचा माल आपल्या हातचा आहे, गिऱ्हाइकाचे नाव आपल्या लक्षात राहते. उणीव आहे ती चार गोष्टींची. वेळ सांगणारी पाटी, दर सांगणारी पाटी, उजेड आणि स्वच्छतागृह. यातल्या दोन गोष्टी तर एका रंगाऱ्याच्या एका दिवसाच्या मजुरीत होतात. जूनमध्ये कॉलेजे पुन्हा भरतील, नवी मुले नवी जागा शोधत फिरतील आणि पहिल्या पंधरा दिवसांत जिथे बसतील तिथेच वर्षभर बसतील. पाट्या त्याआधी लागलेल्या असाव्यात.